कीर्तनकारांचीं बाडें आणि आख्यान लावण्याची कला

१

हस्तलिखितांचा संग्रह करणाऱ्यांस पोथी व बाड यांतील भेद समजावून सांगण्याचें कारण नाहीं. पोथी म्हटली म्हणजे सुटीं आडवीं पानें, दोहों बाजूंस राखलेला समास, आरंभीं गणेशास नमन, अखेरीस लेखकाचें नांव व शक, आणि वर फळ्या घालून बांधलेला रुमाल. बाड म्हणजे एका बाजूस शिवलेलें, हातांत धरून पानें उलटण्याजोगें लांबट पुस्तक. त्यांत आरंभ कोठें व शेवट कोठें हें पुष्कळदां कळत नाहीं. एका पानावर नामदेवाच्या नांवाचा अभंग, पुढच्या पानावर वामनाचे दोन श्लोक, मग मोरोपंताच्या चार आर्या, त्यांखालीं एक पद, पदाच्या शिरोभागीं चालीचा उल्लेख, मध्येंच एकाद्या संस्कृत सुभाषिताचा अर्धा चरण, आणि उरलेल्या जागेंत मोडींत लिहिलेला उधारीचा हिशेब किंवा खोकल्याचें औषध, असा सर्व प्रकार एकत्र आढळतो. यामुळें पोथीची जागा देव्हाऱ्यांत व बाडाची माळ्यावर, अशी वांटणी घरोघर होऊन बसली.

संग्रहांच्या याद्या करतांनाहि हा पंक्तिभेद राहिला. पोथीची नोंद ग्रंथाच्या व ग्रंथकाराच्या नांवानें होते. बाडाच्या वांट्यास "स्फुट कविता" अगर "संकीर्ण" एवढीच दोन अक्षरें येतात. पुढें कोणी अभ्यासक एकाद्या कवीचें काव्य शोधीत आला, म्हणजे तो बाडांतून त्या कवीच्या तेवढ्या ओळी उतरून घेतो, आणि अवतीभोंवतीं काय आहे याची चौकशी न करितां बाड पुन्हां बांधून ठेवितो.

प्रस्तुत लेखाचा मुद्दा एवढाच कीं, यांपैकीं पुष्कळशीं बाडें मुळींच स्फुट नाहींत. एकट्या माणसानें सभेपुढें उभें राहून वाङ्मयाचें निरूपण करावयाचें, ही जी महाराष्ट्राची जुनी विद्या, तिचीं तीं कामाचीं कागदपत्रें आहेत. त्यांतील कविता निरनिराळ्या कवींच्या असल्या तरी त्यांचा क्रम एका माणसाचा आहे. आणि तो क्रम लावणारा हरिदास हाहि आपल्या परीनें ग्रंथकारच होय. नामदेवाच्या परंपरेचे अभ्यासक ख्रिश्चन नोव्हेट्झ्के यांनीं २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका निबंधांत कीर्तनकारांच्या बाडांचा विचार साक्षरता व प्रत्यक्ष प्रयोग यांच्या संबंधानें केला आहे. येथें तोच विषय आख्यानाची रचना व बाडांची नोंद या दोन बाजूंनीं पाहावयाचा आहे.

२

नारदीय कीर्तनाची मांडणी परिचयाची आहे. तथापि पुढील विवेचनासाठीं ती थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. कीर्तनाचे पूर्वरंग व उत्तररंग असे दोन भाग. पूर्वरंगांत नमन झाल्यावर एकादें पद अथवा अभंग निरूपणास घ्यावयाचा, त्यांतील एक सिद्धांत श्रोत्यांपुढें ठेवावयाचा, आणि त्यास श्रुतिस्मृतींपासून प्राकृत संतांपर्यंतचीं प्रमाणें द्यावयाचीं. मध्यंतरीं नामाचा गजर होतो, हरिदासास बुक्का लावून हार घालतात. मग उत्तररंगांत त्याच सिद्धांताचा दृष्टांत म्हणून एक आख्यान लावावयाचें, आणि शेवटीं मूळ पदावर येऊन आरती करावयाची. वारकरी कीर्तनाची रीति निराळी. तेथें एकच अभंग आद्यंत सोडवावयाचा असतो व मागें टाळकऱ्यांचा मेळा उभा असतो. पुराणिकाची रीति आणखी निराळी. तो आसनावर बसून, पुढें ग्रंथ ठेवून वाचतो व अर्थ सांगतो. हरिदासाच्या हातांत चिपळ्या. ग्रंथ धरण्यास त्यास हात मोकळा नाहीं. म्हणून ग्रंथ कंठांत पाहिजे.

समर्थांनीं दासबोधांत या विद्येचा तीन ठिकाणीं विस्तारानें विचार केला आहे. चौथ्या दशकाच्या दुसऱ्या समासांत कीर्तनभक्ति सांगतांना त्यांनीं पुष्कळ पाठांतर असावें असा आग्रह धरला आहे. चौदाव्या दशकाच्या चौथ्या व पांचव्या समासांत कीर्तनाचीं व हरिकथेचीं लक्षणें दिलीं आहेत, आणि कलेच्या नादांत मूळ हेतु हरवूं नये असा इशाराहि दिला आहे. सतराव्या शतकांत ही विद्या नियम घालून देण्याइतकी व तिच्यांतील दोष दाखविण्याइतकी पक्व झाली होती, हें यावरून उघड दिसतें.

आतां या विद्येंतील खरी अडचण पाहावी. साथीस मृदंग व झांज असोत, अगर पुढील काळांतील पेटी व तबला असो, बोलणारा एकच. आख्यानांतील रुक्मिणी तोच, कृष्ण तोच, पत्र नेणारा ब्राह्मण तोच, आणि या तिघांच्या बोलण्यांतील मर्म उकलून दाखविणारा पंडितहि तोच. वेष पालटण्याची सोय नाहीं, पडदा नाहीं, सोंगें नाहींत. मग स्थळ बदललें, पात्र बदललें, कथा थांबून विचार सुरू झाला, हें दोन-तीन घटका बसलेल्या श्रोत्यास कळावें कसें? याचें जें उत्तर आमच्या हरिदासांनीं काढलें तें बाडांच्या पानापानावर लिहिलेलें आहे. त्यांनीं वेषाचें काम छंदाकडून करून घेतलें.

३

आमच्या जुन्या छंदांकडे वृत्तशास्त्राच्या दृष्टीनें पाहिलें तर ते मात्रांचे व गणांचे हिशेब आहेत. हरिदासाच्या दृष्टीनें पाहिलें तर तीं हत्यारें आहेत, आणि प्रत्येकाचें काम वेगळें आहे. ओवींत अक्षरांचें बंधन सैल, म्हणून कथा झपाट्यानें पुढें नेण्यास ती सोयीची. गणवृत्तांतील श्लोकास ठराविक तोल असतो. तो संथ म्हणतां येतो, म्हणून एकादें रूप अगर दृश्य श्रोत्यांपुढें उभें करण्यास तो उपयोगी. मोरोपंताची आर्या ही बहुतांशीं गीति होय. तिच्या प्रत्येक अर्धांत १२ व १८ मिळून ३० मात्रा. एवढ्या आटोपशीर जागेंत प्रश्न व उत्तर, आक्षेप व परिहार नेमका बसतो. म्हणून संवाद व युक्तिवाद यांस आर्या. साकी २८ मात्रांची. तिच्यांत निवेदन आणि गाणें या दोहोंचा मेळ पडतो. दिंडीचा चरण ९ व १० मिळून १९ मात्रांचा. ती करुणरसाकडे सहज वळते. आणि कटाव म्हणजे श्वास न सोडतां अनुप्रासांची सर धरून केलेलें वर्णन. मिरवणूक, सैन्य, नगरशोभा, लग्नसमारंभ यांसाठीं तो राखलेला.

ओवी ज्ञानेश्वराची, अभंग तुकारामाचा, श्लोक वामनाचा व आर्या मोरोपंताची, असें सांगणारी जुनी उक्ति सर्वांच्या तोंडीं आहे. ती रसिकाचा अभिप्राय म्हणून उद्धृत करण्याची वहिवाट पडली आहे. आमच्या मतें तिच्यांत आख्यान लावणाऱ्याचा व्यवहारहि दिसतो. कोणतें काम पडलें असतां कोणाच्या घरीं जावें, याची ती टांचणीच होय. कवि हे त्याच्या लेखीं भांडार होते, आणि तेथून काय व किती घ्यावयाचें हा निवाडा त्याचा होता.

या पद्धतीचा पल्ला किती दूर गेला याचें एक प्रमाण महाराष्ट्राबाहेर सांपडतें. तंजावरास मराठ्यांचें राज्य असतांना व त्यानंतरहि मराठी हरिदास तिकडे जात. त्यांच्या धाटणीवरून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तंजावर कृष्ण भागवतर (मृत्यु इ. स. १९०३) यांनीं तामिळ देशांतील हरिकथेस नवें वळण दिलें. त्या हरिकथेंत साकी, दिंडी, ओवी व अभंग हीं मराठी नांवें तशींच राहिलीं. भाषा पालटली तरी हत्यारांचीं नांवें पालटलीं नाहींत. कारण परक्या प्रांतानें आमच्याकडून जें घेतलें तें एकादें काव्य नसून काव्य मांडण्याची रीति होती.

४

आख्यान कसें लावीत याची कल्पना यावी म्हणून रुक्मिणीस्वयंवराचा प्रसंग घेऊं. या विषयावर मराठींत रचना विपुल आहे. एकनाथांचें रुक्मिणीस्वयंवर शके १४९३ म्हणजे इ. स. १५७१ मध्यें काशी येथें पूर्ण झालें. तें ओवीबद्ध असून त्याचे १८ प्रसंग आहेत, आणि विवाहाच्या कथेंतून जीव व शिव यांचें ऐक्य त्यांत सुचविलें आहे. सामराजाचें रुक्मिणीहरण श्लोकबद्ध असून संस्कृत महाकाव्याच्या थाटाचें आहे. बीडच्या विठ्ठल कवीनेंहि हा विषय हाताळला आहे.

समजा, हरिदासानें पूर्वरंगास अनन्यभक्तीचें पद घेतलें. उत्तररंगांत विदर्भाच्या राजघराची ओळख तो ओवींत करून देईल. त्यांत वेळ दवडावयाचा नाहीं. रुक्मिणीच्या रूपाशीं तो थांबेल, आणि तेथें श्लोक येतील. भाऊ शिशुपालाचा पक्ष घेतो तेव्हां घरांतला वाद आर्यांनीं रंगेल. रुक्मिणीचें पत्र हें आख्यानाचें हृदय. तें पदानें किंवा दिंडीनें म्हणावयाचें, आणि त्याच ठिकाणीं मूळ भागवतांतील श्लोकाचा एक चरण प्रमाण म्हणून टाकावयाचा. वऱ्हाडाची धामधूम कटावानें. शेवटीं एकनाथांच्या ओवीकडे परत, कारण जीवशिवाचा अर्थ तेथें आहे, आणि पूर्वरंगांतील अनन्यभक्तीच्या सिद्धांताशीं त्याची गांठ घालावयाची आहे.

हाच प्रसंग बाडांत उतरला म्हणजे कसा दिसेल? पांच-सहा कवींच्या तुटक ओळी. काहींचे पहिले दोन-तीन शब्द लिहून पुढें "इत्यादि". ओवींचा तर कित्येकदां पत्ताहि नाहीं, कारण त्या पाठच. ज्यास कीर्तनाची मांडणी ठाऊक नाहीं त्यास ही खिचडी वाटणार. ज्यास ती ठाऊक आहे त्यास तेथें संपूर्ण आख्यान उभें दिसेल. आणि दोन हरिदासांचीं दोन बाडें समोर ठेवलीं तर एकानें पत्रावर भर दिला व दुसऱ्यानें वादावर, हा त्यांच्या प्रतिभेंतील भेदहि दिसेल.

५

कवि आधीं व हरिदास मागून, असा एकेरी संबंध येथें नव्हता. पुष्कळ कवि या विद्येंतच वाढले होते. ताहराबादचे महिपति (१७१५–१७९०) स्वतः कीर्तन करीत. संतचरित्रांचे त्यांचे ग्रंथ कीर्तनकारांची शिदोरी होऊन बसले, याचें कारण ते श्रोत्यांची नाडी जाणून लिहिले आहेत. अमृतराय (१६९८–१७५३) यांची कीर्ति कटावांवर आहे. कटाव डोळ्यांनीं वाचला तर शब्दांची रास वाटते. एका दमांत म्हटला तर तीच रास चालूं लागते. हें काव्य कागदासाठीं रचलेलें नाहीं.

मोरोपंतांचें (१७२९–१७९४) उदाहरण अधिक विचारणीय आहे. पन्हाळ्यास पाध्ये बंधूंजवळ त्यांचें अध्ययन झालें व पुढें बारामतीस बाबूजी नाइकांच्या आश्रयास ते पुराणिक म्हणून राहिले. म्हणजे सभेपुढें ग्रंथ उकलून सांगणें हा त्यांचा नित्याचा व्यवसाय होता. त्यांच्या आर्या दुर्बोध व संस्कृतप्रचुर आहेत असा आक्षेप छापील पुस्तकावरून वारंवार घेण्यांत आला. परंतु आर्येस सोडवून सांगणारा मनुष्य समोर उभा आहे हें गृहीत धरलें, म्हणजे त्या आक्षेपाचें बळ बरेंच कमी होतें. आर्या म्हणावयाची, श्रोता अडला कीं तिचा अन्वय लावावयाचा, आणि अर्थ कळल्यावर तीच पुन्हां म्हणावयाची. दुसऱ्या खेपेस श्रोत्यास जो आनंद होतो त्यासाठीं पहिल्या खेपेचा आडपडदा उपयोगीच पडतो. त्यांच्या निरोष्ठ रामायणाची गोष्टहि तशीच. ओठ मिटावे लागतील अशीं अक्षरें त्यांत वर्ज्य आहेत. ही करामत पानावर कोणास दिसणार? म्हणणाऱ्याचे ओठ एकमेकांस लागत नाहींत, हें समोर बसलेल्यासच दिसावयाचें.

मोरोपंतांच्या आर्या पंडितांच्या वर्तुळाबाहेर नेण्याचें श्रेय परंपरा सोलापूरच्या राम जोश्यांस देते. लावण्या रचून तमाशाचा फड गाजविलेला हा शाहीर पुढें कीर्तनाकडे वळला, आणि आपल्या कीर्तनांत त्यानें पंतांच्या आर्या खेळविल्या. फडावर हजारोंचें लक्ष बांधून ठेवण्याची कला ज्यास साधली होती त्याच्याच मुखांतून कठीण म्हणून गणलेलें काव्य लोकांच्या कानीं पडावें, ही गोष्ट वाङ्मयाच्या इतिहासांत जितकी नमूद व्हावी तितकी झालेली नाहीं.

६

छापखाना आल्यावर या सामग्रीची वाट बदलली. परशुरामपंत तात्या गोडबोले यांनीं संपादिलेलें "नवनीत" १८५४ सालीं प्रसिद्ध झालें, आणि कीर्तनांत ऐकूं येणारें जुनें काव्य शाळेच्या बाकावर येऊन बसलें. १८७८ सालीं निघालेल्या "काव्येतिहाससंग्रह" मासिकानें व त्यामागून निर्णयसागरच्या "काव्यसंग्रह" मालेनें जुन्या कवींचे पाठ शोधून छापले. या उद्योगाचे उपकार मोठे आहेत. तो झाला नसता तर कित्येक कवि आज नांवापुरतेहि उरते ना. परंतु हे सर्व संग्रह कवींच्या नांवांनीं लावलेले आहेत, आणि तसे लावणें त्या वेळीं क्रमप्राप्तच होतें. त्यामुळें जें काव्य पांच कवींच्या मेळ्यांत जगत होतें तें एकेकटें पडलें. कवि वांचले, त्यांस एकत्र आणणारा मात्र नाहींसा झाला.

शाळेंतहि या विद्येचा अर्धाच भाग गेला. कविता चालीवर म्हणणें व तिचा अन्वयार्थ सांगणें या दोन गोष्टी जुन्या मराठी शाळांत टिकल्या. निवड, क्रम, प्रमाण व दृष्टांत हें चतुष्टय मात्र बाहेर राहिलें. त्यांतील गाण्याचा अंश १८८० सालीं रंगभूमीवर आलेल्या किर्लोस्करांच्या "शाकुंतला"नें उचलला, आणि साकी व दिंडी नाटकांत गेल्या. आख्यानांतील बोधाचा अंश विसाव्या शतकांत राष्ट्रीय कीर्तनानें घेतला व पुराणांतील कथेच्या जागीं इतिहासांतील कथा आणली.

आज वाङ्मयाच्या वर्गांत विद्यार्थ्यास एकट्यानें उभें राहून एकाद्या कृतीविषयीं बोलावयास सांगतात. तें भाषण निबंध वाचून दाखविल्यासारखें नीरस होऊं नये म्हणून काय करावें, हा प्रश्न शिक्षकांस नवा वाटतो. बाडें उघडून पाहिलीं तर त्याचें उत्तर तेथें आहे. सांगावयाचा सिद्धांत एकच घ्या. साक्षीदार अनेक बोलवा, पण ज्याचें काम पडेल तेव्हांच. दुसऱ्याचे शब्द म्हणतांना लय बदला, म्हणजे आपलें कोणतें व कवीचें कोणतें हें श्रोत्यास कळेल. कठीण ओळ आधीं म्हणा, मग उकला, मग पुन्हां म्हणा. आणि कितीहि फिरून आलां तरी शेवट मूळ पदावर करा. हे नियम कोणा शिक्षणशास्त्र्यानें बसविलेले नाहींत. श्रोते उठून जाऊं नयेत एवढ्याच चिंतेनें पिढ्यान्‌पिढ्या घासून ते तयार झाले आहेत.

७

आतां संग्राहकांस उपयोगी पडतील अशा कांहीं सूचना करून हा लेख आटोपतों.

बाड हातीं येतांच तें स्फुट आहे कीं आख्यानाचें आहे याची परीक्षा करावी. निरनिराळ्या कवींच्या कविता असून कथेचा धागा एक असेल, प्रसंग बदलतो तेथें छंदहि बदलत असेल, काव्याचे पहिलेच शब्द देऊन पुढील भाग सोडला असेल, चालींचे निर्देश असतील, व मध्यें मध्यें संस्कृत प्रमाणें येत असतील, तर तें हरिदासाचें बाड समजावें. यांपैकीं एकच खूण असली तर निर्णय राखून ठेवावा. तीन-चार एकत्र आल्या तर संशयास जागा थोडी.

अशा बाडाची नोंद कवींच्या नांवांनीं न करितां प्रथम आख्यानाच्या नांवानें करावी, आणि त्याखालीं कवितांचा क्रम जसाचा तसा द्यावा. शिवण उसवून पानें कवींप्रमाणें वेगळीं करण्याचा मोह आवरावा. पाठभेदांच्या बाबतींतहि सावध असावें. बाडांतील ओळ मूळ पोथीहून निराळी असली म्हणजे लेखकाचा प्रमाद झाला असें लगेच ठरवूं नये. एकादा शब्द कठीण म्हणून किंवा चालीस अडतो म्हणून हरिदासानेंच तो बदललेला असूं शकेल. उलट, कवीचा मूळ पाठ ठरवितांना अशा बाडास पोथीइतकें वजन देणेंहि बरोबर नव्हे. नामदेवाच्या मुद्रेचे अभंग एकाहून अधिक कवींचे आहेत, हा वाद अभ्यासकांस ठाऊक आहे. मुखोमुखीं चालत आलेल्या काव्यांत नाममुद्रेवर किती भार द्यावा, हें अशा बाडांवरूनच शिकण्यासारखें आहे.

हिशेब, औषधें, गांवांचीं नांवें, बिदागीचे आंकडे, हीं पानें काव्याचीं नव्हत म्हणून टाकूं नयेत. पुष्पिका नसलेल्या बाडाचा काळ व मुलूख ठरविण्यास बहुधा तेवढेंच साधन उरतें. पेशवेकालीन जमाखर्चांत उत्सवप्रसंगीं हरिदासांस दिलेल्या बिदाग्या नमूद आहेत. बाडांतील नोंदी त्यांशीं ताडून पाहिल्या तर एकादा हरिदास कोणत्या वाटेनें, कोणत्या गांवांवरून फिरला हेंहि हातीं लागण्याचा संभव आहे. हल्लीं छायाचित्रांनीं प्रती उतरून घेण्याची सोय झाली आहे. तीं छायाचित्रें घेतांना कोरीं व अर्धवट पानें, समासांतील टिपा, शिवणीची बाजू आणि बुक्क्याचे डागसुद्धां वगळूं नयेत. जें पान अधिक डागाळलें तें अधिक वेळां उघडलें, एवढा साधा पुरावाहि आख्यानाची लोकप्रियता ठरविण्यास पुरतो.

ओव्या रचणाऱ्यांचे ग्रंथ आपण जतन केले. त्या ओव्या योग्य जागीं योग्य वेळीं उच्चारून लोकांच्या अंतःकरणांत पोंचविणाऱ्यांचें कर्तृत्व या शिवलेल्या, फाटक्या, बहुधा निनांवी पानांखेरीज दुसरीकडे कोठेंहि लिहिलेलें नाहीं. तीं पानें ज्यांच्या घरीं असतील त्यांनीं तीं आहेत त्या क्रमानें राखावीं, आणि त्यांची सविस्तर यादी प्रसिद्ध करावी, एवढीच त्यांस विनंति आहे.